विहारामागचे भोजनदान बंद करून मिळण्याबाबत

प्रति,
मा. अन्नसहाय्य अधिकारी,
तालुका अन्नसहाय्य कक्ष, तुमसर, जि. भंडारा.

अर्जदार : मंगलाबाई परसराम रामटेके, भोजनदान समिती, तुमसर.

विषय : म्हाताऱ्यांचे दुपारचे जेवण सरकारी आदेशाने थांबवावे.
संदर्भ : 'अशा मदतीची तरतूद नाही' हे आपले पत्र.

महोदय,

सविनय सादर की, अर्जदार मंगलाबाई कित्येक वर्षे विहारामागच्या शेडमध्ये निराधार म्हाताऱ्यांसाठी रांधत आहेत. वस्तीतली प्रत्येक बाई सकाळी आपला भात टाकण्याआधी मूठभर तांदूळ डब्यात बाजूला काढते. त्यात राइस मिलची फुकटची कनकी, म्हणजे तुकडा तांदूळ, मिसळली की भागत असे.

आता कनकीलाही भाव आला. कोंबड्यांच्या खाद्यासाठी तिचे ट्रक भरून जातात. मिलवाले खेमराजशेठ चांगले गृहस्थ, त्यांनी मान खाली घालून सांगितले, "बाई, आता फुकट देनं जमून नाही राहिलं." कोंबड्यांविरुद्ध दाद कुठे मागावी, हे अर्जदारास ठाऊक नाही.

तुरीच्या डाळीचे तर नावच काढू नये. वरणात पाणी वाढवता वाढवता आता गंजाचे, म्हणजे पातेल्याचे, बूड दिसू लागले आहे. पंगतीतले म्हातारे आनंदराव रोज विचारतात, "मंगलाबाई, वरण काहून असं पानचट होऊन राहिलं?" खरे सांगितले तर ते उद्यापासून यायचे नाहीत, म्हणून अर्जदार स्वतःच्या हातालाच दोष देतात. इतक्या वर्षांचे हाताच्या चवीचे नाव गेले, याचे वाईट वाटते.

त्यात केशरबाई. सकाळी त्यांच्या घरून मूठ येते आणि दुपारी त्याच ताट घेऊन पंगतीत बसतात. हल्ली अशा बऱ्याच जणी आहेत. मूठ देऊ नका म्हटले तर म्हणतात, "मंग कोन्या तोंडानं जेवू?" देणारे कोण आणि जेवणारे कोण, हे आता अर्जदारास वेगळे काढता येत नाही.

अर्जदार फार थकल्या आहेत. पण 'उद्यापासून येऊ नका' हे त्यांच्या तोंडून निघत नाही. सांगायचेच असे ठरवून दोनदा गेल्या, आणि दोन्ही वेळा वाढून परत आल्या. सरकारी कागदापुढे मात्र कुणाचे काही चालत नाही. मदत करण्याची तरतूद नसली तरी बंद करण्याची नक्कीच असेल. सबब, तसा आदेश सही-शिक्क्यानिशी काढावा.

फक्त आदेश आणणाऱ्या शिपायाला पंगत उठल्यावर पाठवावे. तो उपाशी निघाला असल्यास आधी कळवावे, त्याचे ताट झाकून ठेवू.

आपल्या सहीच्या प्रतीक्षेत,
मंगलाबाई रामटेके
तुमसर, २२ ऑगस्ट २०२३