आडवा बाण

चंद्रपूर, १३ मे

रिना,

जयभीम. खुशालकाका, मीराकाकू बरे असतील. इथी ऊन असं तापून राह्यलं की माऊससुद्धा हाताले चटके देते. तू फोन उचलत नाईस, म्हणून हा कागद तुझ्या भावाच्या हाती देतो. अश्वजितले बजावलं, फोडून वाचलं तर याद राख. तो म्हणते, "वाचाले काय हाय त्यात? साऱ्या कॉलेजले माहीत हाय!"

रविवारी तुले पाहाले नागपूरचे पाहुणे येऊन राह्यले, हेही त्यानंच सांगितलं. त्यावर मी काही लिहिणार नाई.

कामाचं लिहितो. तुमच्या धानोऱ्याकडच्या तेंदूपत्त्याच्या हिशेबाचा डेटाबेस आमच्या ऑफिसात आला आहे. कोणतं टेबल कोणावर अवलंबून, याचं चौकोन अन् बाणांचं चित्र काढायचं होतं. सॉफ्टवेअर आपोआप काढते म्हणे! बटन दाबलं तर स्क्रीनवर नुसतं जाळं. बाण चौकोनांच्या पोटातून आरपार, नावांवर नावं, अन् जिथी बाया पत्ता मोजून देतात ती फळी पार कोपऱ्यात फेकलेली. मग मी एकेक चौकोन हातानं ओढून बसवला. पत्ता जंगलातून निघते तसा: बाया, फळी, गोदाम, मग बायांच्या पैशाचे चुकारे.

तर बाजूच्या आदेशनं "जरा नीट करून देतो" म्हणत तेच बटन पुन्हा दाबलं. वरून सेव्ह केलं!

माझा राग तुले माहीत आहे. ज्या रागात मी कॉलेज सोडलं, तोच. पण हात उचलला नाई. म्हटलं, "आदेशभाऊ, तुमच्या लग्नात पंगत अशीच आपोआप बसवली असती तर?"

"बसवलीच होती ना बाप्पा. माह्या सासऱ्याले वाजंत्र्यायच्या मधात!"

मले हसू आलं. पुन्हा मांडलं. सगळं सुटसुटीत झालं, एक बाण सोडून. चुकाऱ्यापासून बायांच्या टेबलापर्यंत, साऱ्या चित्रातून आडवा. आमच्या वरच्या पुनम मॅडम म्हणाल्या, "प्रणित, तो लपव. बरा नाही दिसत."

"मॅडम, चित्रातून गेला तरी डेटाबेसात राहतेच. उद्या कोणी हे चित्र पाहून बायांच्या टेबलात फेरफार केला, तर चुकारे अडकतील."

"मग काय करणार?"

"बाकीचे सरकतील."

अन् सरकवले. मधातून वाट मोकळी केली. मॅडम म्हणाल्या, "पसरट झालं. पण समजते." चित्र पास!

त्याच सांजच्याले तुझा मेसेज आला. 'घरी माझं नाव काढू नको. रविवार जाऊ दे.'

रिना, मी काढलं. कोरपन्याले जाऊन आईबाबांसमोर काढलं. बाबा म्हणाले, "बौद्धाची पोरगी?" मी म्हटलं, "हो. अन् डिग्री पूर्ण केलेली. कमी पडतो तो मी." बाबा चप्पल घालून बाहेर गेले, रात्रीपर्यंत आले नाई. आईनं दार लोटून घेतलं. मग म्हणाली, "तिच्या मायबापाले विचारलं काय रे?"

"नाई."

"मंग इथी काऊन बसला? चाल, दोघं जाऊ."

शनिवारी येऊन राह्यलो, पाहुण्यांच्या आधी. तुझ्या बाबांना, खुशालकाकांना, जे आहे ते तोंडावर सांगीन, भांडणार नाई. ते काय म्हणतील ते म्हणोत, मले तुझ्या तोंडून ऐकायचं आहे. नाई म्हणायचं असन तर समोर बसून म्हण. चहा पिऊन, आईले घेऊन गपचूप परत जाईन. मेसेजवर मात्र मी ऐकणार नाई.

तुझा (लिहून टाकलं, खोडत नाई),
प्रणित