साडीचोळी नको, एकर घे

मी, रामहरी मारुती रणवरे, वय सत्तेचाळीस, धंदा शेती व ट्रॅक्टर भाड्याने देणे, राहणार कळंब, तालुका इंदापूर, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझं डोकं ठिकाणावर आहे. याबाबत माझी बायको सौ. रेश्मा हिचं मत वेगळं आहे, पण तिला कोणी विचारलेलं नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. उलट घरातले सगळे "नका लिहू" म्हणूनच मागे लागलेत.

कारण एवढंच, की उद्या बारामतीच्या दवाखान्यात माझ्या पित्ताशयातले खडे काढायचे आहेत. डॉक्टर म्हणतात किरकोळ आहे. रेश्मा म्हणते, "अवो, खडं काढायला चाललाय का सरणावर चढायला? लोकं हसत्याल." हसू देत. माझं अक्षर मलाच लागत नाही, म्हणून मी सांगतोय आणि थोरली मुलगी स्वरूपा लिहितेय. ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. मी सांगेन तसं वागायची तिला सवय नाही. (बरोबर आहे. — स्वरूपा)

कलम पहिले. राहतं घर माझ्या माघारी रेश्माचं. "आई, तू आता मागच्या खोलीत झोप" असं तिला कोणी म्हणायचं नाही. म्हणेल त्यानेच मागच्या खोलीत झोपावं. तिथं कोंबड्या असतात.

कलम दुसरे. ट्रॅक्टर मुलगा रणजित याचा, पण लायसन निघाल्यावर. आज तो सोळा वर्षांचा आहे आणि सकाळी न्हाणीघरात आरशापुढे उभा राहिला की बाकीच्यांना कॅनॉलवर जावं लागतं. याच्या हुशारीचा एक दाखला नोंदवून ठेवतो. आमच्या विहिरीवरच्या मोटरीला मोबाइलचा स्टार्टर आहे. पेटीत सिमकार्ड असतं. घरून फोन लावला की तो आपोआप कट होतो आणि मोटर चालू. मागल्या उन्हाळ्यात या पठ्ठ्याने ते सिम काढून स्वतःच्या फोनात घातलं. मी ओट्यावर बसून मोटर चालू करायचो, फोन वाजायचा याच्या वर्गात. हा कट करायचा. मला वाटायचं, झाली चालू! ऊस वाळत चालला. मी वायरमनला नाही नाही ते बोललो, त्याची इथं जाहीर माफी मागतो. एक दिवस कट करायच्या ऐवजी याने फोन उचलला. "हॅलो, कोन बोलतंय?" मोटर बोलली म्हटल्यावर मी ओट्यावरून उठून उभाच राहिलो. घाबरून म्हणालो, "मी रामहरी." तर मोटर म्हणाली, "पप्पा?" त्या दिवशी त्याला घरी यायला फार उशीर झाला.

कलम तिसरे. शेळी आणि तिची दोन करडं धाकट्या छकुलीची. तिने त्यांना आपल्या दोन्ही आत्यांची नावं ठेवलीत. त्यामुळे आत्या घरी आल्या की करडांना हाक मारता येत नाही. नावं बदलावीत, ही विनंती.

टीव्हीचा रिमोट माझ्याबरोबर सरणावर ठेवावा. जिवंतपणी तो मला कधी मिळाला नाही.

अंथुर्ण्याच्या मेव्हण्याने घर रंगवायला नेलेली शिडी त्याच्याकडेच आहे. तेराव्याला तो जेवायला येईलच. शिडी आणली तरच मांडवात घ्यावा. (आई म्हणतेय हे खोडा. — स्वरूपा) खोडू नये.

आता मुख्य कलम. मागच्या महिन्यात माझ्या चुलत्याच्या पोरींनी इंदापुरात जाऊन हक्कसोडीच्या कागदावर सह्या केल्या. भावांनी एकेक साडीचोळी दिली, गोड जेवण घातलं, पोरी हसत घरी गेल्या. सगळीकडे असंच चालतं. त्या रात्री आमच्या घरी जेवताना स्वरूपा म्हणाली, "मीपण करीन की सही. फक्त मला पैठणी घ्या." सगळे हसले. मी ताट बाजूला सारलं. ही तीच पोरगी, जी भज्यांच्या चुऱ्यासाठी रणजितच्या मनगटाला चावली होती. पेरूची फोड बारीक आली तर घर डोक्यावर घ्यायची. आणि जमीन म्हटलं की साडीवर राजी? खरं सांगतो, मला ऑपरेशनची भीती नाही. मी नसताना कोणीतरी कागद पुढे करेल आणि ही हसत सही करेल, याची आहे.

हे सांगितल्यावर स्वरूपाने पेन खाली ठेवलं. "हे मी न्हाय लिवणार. शेती रणजित करणारे. लोकं म्हणत्याल, भावाचं खाल्लं."

"भावाचं न्हाय गं बाई, बापाचं."

तरी लिहीना. म्हणून तिने पेन ठेवल्यापासूनचं अक्षर माझं आहे. लागेल तसं वाचावं.

कलम चौथे. माझी तीन एकर जमीन मी ट्रॅक्टर चालवून स्वतः घेतलेली आहे, वडिलोपार्जित नाही. ती तिन्ही मुलांना एकेक एकर. स्वरूपाला कसायची नसेल तर वाट्याने द्यावी, नाहीतर नुसती खुर्ची टाकून बसावं. सातबाऱ्यावर नाव तिचंच राहावं. कोणी नातेवाईक साडी घेऊन सहीला आला, तर ती साडी त्याच्या बायकोला परत पाठवावी. स्वरूपा, तू माझी पहिली पोर आहेस. तुझ्या पायाखाली तुझी जमीन असलेली मला बघायची आहे.

कागद तिला वाचायला दिला. तिला अक्षर लावायला वेळ लागला. शेवटी म्हणाली,

"पप्पा, माझा एकर कुठला? विहिरीकडचा का रस्त्याकडचा?"

"ते अजून ठरवलं न्हाय."

"मग लिवा की. रस्त्याकडचा."

आतून रणजित ओरडत आला. "ए! रस्त्याकडचा माझा हाय! ट्रॅक्टर कुठनं नेऊ मी?"

"उडवत ने. माझ्या बांधावर चाक आलं तर बघ!"

छकुली शाळेची फूटपट्टी घेऊन मोजायला शेताकडं निघाली. रेश्मा लाटणं घेऊन बाहेर आली. मी तिला म्हटलं, थांब, भांडू दे. आपली पोरगी जमिनीसाठी भांडतीय.

रस्त्याकडचा एकर स्वरूपाचा. बाकीचे दोन कोणाचे, ते मी दवाखान्यातून आल्यावर लिहीन.

लिहून ठेवणार: रामहरी मारुती रणवरे (सही)

साक्षीदार:
१. गेणू बाबू खरात, शेजारी (भांडण ऐकून आपणहून आला, म्हणून त्याचीच सही घेतली)
२. फिरोज राजमहंमद शेख, ट्रॅक्टरचा मिस्त्री

ठिकाण: कळंब, घराचा ओटा
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५, रविवार