अक्काताईचा पावटा

प्रिय आदिती,

जय जिनेंद्र. पत्राला फार उशीर झाला, रागावू नको. मी सातवी शिकलेला माणूस, दोन ओळी लिहायच्या म्हटलं तरी अख्खी सकाळ जाते. फोन केला असता, पण तो तुझ्या आजीच्या, आमच्या अक्काताईच्या, उशाशी असतो आणि तिचे कान अजून तिखट आहेत. शेजारचा केरबा आज तुझ्या गावाला निघालाय, त्याच्या हाती देतो. तो गाडीत विसरला नाही म्हणजे मिळवली.

तू आजीच्या पावट्याचं बी उगवतं का ते कॉलेजात तपासायला नेलंस, तेव्हापासून मला नीट झोप नाही. आजीला ते तिच्या आईनं दिलेलं. गुडघे गेल्यापासून तिनं पेरलं नाही, पण राखेत घोळून गाडग्यात भरलेलं शिंक्यावर टांगून ठेवलं. चूल होती तेव्हा धुरानं ते कोरडं राहायचं. चूल गेली, गॅस आला, शिंकं मात्र तिथंच; खाली रोज कुकरची वाफ. तू म्हणालीस, ऊब आणि ओल लागली की बी लवकर म्हातारं होतं. हे मी तिला सांगितलेलं नाही. तूही सांगू नको.

भिजलेलं बी आधी स्वतःची प्रथिनं बनवायला लागतं, म्हातारपणी ते काम मंदावतं, कधी बंदच पडतं, असंही तू सांगितलंस. मग घरात उरलेले मूठभर पावटे मी भिजवून बघितले. पाणी पिऊन टरारून फुगले, पण मोड एकालाही नाही. वास यायला लागला. फेकवेनात, म्हणून परड्यात पुरले. आजी रोज विचारते, 'अवो, पोरगी एवढी शिकली, आन् पावटा उगवंना व्हय तिला?' मी म्हणतो, थंडी हाय, दम धर की.

तुझी परीक्षा होईपर्यंत काही कळवायचं नाही, अशी तिनं मला शपथ घातली होती. ती आज मोडतो. दिवाळीपासून आजी अंथरुणावर आहे. सलाईन लावलं की पायांवर सूज चढते, अंगी काही लागत नाही. डॉक्टर म्हणाले, आता घरीच न्या. तिचं एकच चाललंय, 'उगवला एवढं कळू दे, मग मी सुटले.' एखादा जरी उगवला असेल तर कुंडीसकट घेऊन ये. नसेल तरी ये आणि तूच तिला सांग. तिच्याशी खोटं बोलायची मला सवय नाही, आणि खरं बोलायचा धीर होत नाही. काय ते केरबाजवळ लगेच सांगून पाठव, पोरी. वाट बघायला आता फार दिवस नाहीत.

तुझाच आज्जा,
भूपाल
कसबा बावडा