झोपलेली चरबी

३ मार्च, सोमवार

आज परत तेच! ताईला दुसऱ्यांदा वाढलं आणि माझ्यापुढून पातेलंच उचललं. 'तुला वारासुद्धा अंगी लागतो,' आई म्हणाली. ताई खाते माझ्या दुप्पट आणि राहते काडी! हा कुठला न्याय?

हॉस्पिटलच्या भिंतीवर कागद लागलाय — संशोधनासाठी सख्ख्या बहिणींच्या जोड्या हव्यात, एक जाड, एक बारीक. आम्ही म्हणजे अगदी मापाच्या! उद्याच नाव देते.

५ मार्च, बुधवार

तिथल्या नर्सबाईंनी समजावलं. चरबी दोन जातींची. पांढरी नुसती साठून राहते. तपकिरी असते मानेपाशी, थोडीशीच, पण थंडी वाजली की पेटते आणि अंग गरम ठेवते. बारीक बायकांत ती बहुधा जास्त जागी, जाड बायकांत झोपलेली. 'कशामुळे काय होतं ते अजून नक्की नाही, पण सगळं खाण्यावरच असतं असंही नाही हो.'

मला रडूच फुटलं. म्हणजे आळशी मी नाही, माझी चरबी आळशी! हे एकदा कागदावर लिहून मिळू दे. आईच्या नाकावर टिच्चून दाखवीन.

८ मार्च, शनिवार

फॉर्म भरले. ताईला कंटाळा, म्हणून तिचाही मीच. अचानक धडधड होते का? दरदरून घाम येतो का? डोकं असह्य दुखतं का?

ताईला तिन्ही आहेत. वर्ष झालं. 'दगदग होते गं, दुसरं काय,' म्हणते ती. माझ्या शिवणाच्या दुकानातल्या मशीनवर मी वर्षभरात तीनदा तिच्या कपड्यांची शिवण आत घेतली. मला दिसत नाही का? पण 'हो' लिहिलं की आमची जोडी बाद.

तिन्हींपुढे 'नाही' लिहिलं. ताईने न वाचताच सही ठोकली.

१४ मार्च, शुक्रवार

गार पाणी फिरणारी जाकिटं घालून आम्ही शेजारी शेजारी बसलो होतो. माझे दात वाजत होते आणि ताई घामाने निथळत होती — त्या थंडीत! पांढरीफटक पडली. 'डोकं धर गं माझं,' म्हणाली आणि खुर्चीतून खाली आली.

१५ मार्च, शनिवार

मेंदूत रक्तस्राव. मूत्रपिंडाच्या वर गाठ निघाली. ती कसलासा रस रक्तात ओतत होती, त्यानेच तिची तपकिरी चरबी रात्रंदिवस पेटलेली. थंडीने रक्तदाब आणखी भडकला. म्हणून ती काडी! इतके दिवस जिच्यावर जळले ती तब्येत नव्हतीच, दुखणं होतं.

डॉक्टरांनी विचारलं, 'याआधी धडधड, घाम, डोकेदुखी?'

'छे हो! ठणठणीत पोर माझी,' आई म्हणाली.

मी ताईच्या चपला पिशवीत भरत राहिले. मेलं माझं तोंड!

१६ मार्च, रविवार

आजही बोलले नाही.

२ एप्रिल, बुधवार

गाठ काढली. ताई जगली. डोळे उघडते, बोलत नाही. आईने माझा हात धरला — 'तू नेलंस म्हणून सापडली गं. नाहीतर कळलंही नसतं.' आणि मला वाढत राहिली. मी ताट बाजूला सरकवलं.

ठरवलं. ताईला वाचा आली की आधी तिला सांगायचं. थोबाडीत मारली तरी खाईन.

६ एप्रिल, रविवार

माझा रिपोर्ट आला. तपकिरी चरबी जवळजवळ दिसलीच नाही. मिळालं लिहून! घाला चुलीत.

२७ एप्रिल, रविवार

ताईचं वजन चार किलोने वाढलं. आई हरखून नर्सला सांगायला गेली.

तेवढ्यात ताई बोलली. माझ्याकडे कितीतरी वेळ बघून, अडखळत — 'तुम्ही रोज येता. कोण तुम्ही?'

मी म्हटलं, 'शेजारी राहते.'