अकरा मार्चचा न पाठवलेला अहवाल

प्रति,
मा. उपसंचालक,
‘पळस’ प्रणाली कक्ष, विभागीय संगणक केंद्र,
अमरावती.

अर्जदार : पौर्णिमा खुशालराव इंगोले, प्रमुख, भागीरथा स्मृती रक्तकेंद्र, अकोला.

विषय : संगणक कोलमडल्याचा अहवाल पाठवणे सोपे करण्याबाबत; तसेच दि. ११ मार्चचा अहवाल मुदतीनंतर स्वीकारण्याबाबत.

संदर्भ : आपले दि. १८ मार्च २०२५ चे पत्र (‘सदर दिवशी बिघाडाची नोंद नाही’).

महोदय,

१. अर्जदार ही वरील रक्तकेंद्राची प्रमुख असून तेथील सर्व संगणक आपल्या कक्षाने दिलेल्या ‘पळस’ या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालतात. चंदन वाकोडे हा तेथे नऊ वर्षांपासून तंत्रज्ञ आहे. येत्या शुक्रवारी, २८ मार्चला, त्याला नोकरीतून काढण्याबाबत सुनावणी आहे. ‘संगणक सुरू असताना रक्त देण्यास जाणूनबुजून विलंब केला’ असा त्याच्यावर आरोप असून आपले संदर्भीय पत्र हाच त्याचा मुख्य पुरावा आहे.

२. प्रथम अर्जदाराची चूक. ‘पळस’ कोलमडली की पडद्यावर ‘अहवाल पाठवा’ आणि ‘पाठवू नका’ अशा दोन कळा येतात. दोन वर्षांपूर्वी अर्जदाराने असा आदेश काढला, की केंद्रातून बाहेर जाणारा कोणताही अहवाल अर्जदाराच्या सहीशिवाय आणि जावक क्रमांकाशिवाय जाणार नाही. आदेश काढताना तो रक्ततपासणीच्या अहवालांसाठी होता. कर्मचाऱ्यांनी तो सगळ्याच अहवालांना लावला आणि अर्जदाराने त्यांना कधी अडवले नाही. संगणक एकसष्ट वेळा कोलमडला, एकसष्ट वेळा ‘पाठवू नका’ दाबले गेले, आणि आपल्या दप्तरी आमचे संगणक निरोगी राहिले.

३. जानेवारीत आपले परिपत्रक आले. संगणक बंद असल्यास रक्ताच्या पिशवीसोबतची चिठ्ठी हाताने लिहिता येईल, परंतु त्यावर बिघाड अहवालाचा पोच क्रमांक हवा. म्हणजे अहवाल गेल्याशिवाय पिशवी जाणार नाही. अर्जदाराने परिपत्रक वाचले, सही केली आणि भिंतीवर लावले. त्याखाली जुना आदेशही तसाच राहिला.

४. दि. ११ मार्च रोजी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी गजेंद्र नावाचा इसम त्याची बहीण जमुना हिच्यासाठी रक्त न्यायला आला. ती शेजारच्या प्रसूतिगृहात होती आणि बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबत नव्हता. गट जुळवून झाला होता. दोन पिशव्या ट्रेमध्ये तयार होत्या. चिठ्ठी छापताना संगणक कोलमडला.

५. चंदनने अर्जदाराकडे पाहिले. अर्जदाराने होकारार्थी मान हलवली, आणि त्याने केंद्राच्या इतिहासात प्रथमच ‘अहवाल पाठवा’ दाबले. त्यानंतर पडद्यावर फक्त आपला फॉर्म उघडतो, दुसरे काहीही चालत नाही. अठ्ठेचाळीस प्रकारांतून बिघाडाचा प्रकार निवडायचा. बिघाड होतानाच्या पडद्याचे छायाचित्र जोडायचे, जो पडदा तेव्हा गेलेला असतो; चंदनने फॉर्मच्याच पडद्याचे जोडले. शेवटी किमान तीनशे अक्षरांत, इंग्रजीत, वर्णन. दहा मिनिटांत फॉर्म गेला नाही तर ‘वेळ संपली’ आणि पुन्हा पहिल्यापासून. चंदनची तिसरी खेप सुरू होती. तो बोटे न थांबवता म्हणत होता, “भाऊ, दोन मिनिटं. नंबर आला का देतो.”

६. गजेंद्रसोबत आणखी तिघे होते. तो काचेवर हात आपटत होता. “तिकडे बाई मरून राहिली आन हा टायपिंग करून राहिला,” असे तो त्या तिघांना सांगत होता; चंदनशी बोलणे त्याने सोडले होते. दोन वाजून सदतीस मिनिटांनी त्याने सलाईनचा लोखंडी स्टँड उचलला. पहिल्या घावात काउंटरची काच गेली. दुसरा चंदनच्या उजव्या मनगटावर बसला. दोन्ही हाडे तुटल्याचा आवाज अर्जदाराने चार फुटांवरून ऐकला. तिसरा कानामागे बसला आणि चंदन कीबोर्डवर पालथा पडला. उरलेल्या तिघांनी शीतकपाट उघडून पिशव्या फरशीवर आपटल्या. एक जण त्यांवर घसरून पडला, उठला आणि पुन्हा आपटू लागला. त्यांतच नेटवर्कची वायर भिंतीतून उपटली गेली.

७. फरशीवर इतके रक्त कोणाचे, असा प्रश्न चौकशीत आला. अर्जदाराने मोजून दिलेले उत्तर असे : चौदा पिशव्या, म्हणजे चौदा दात्यांचे, त्यात मोझरीच्या शिबिरात आलेल्या आठ जणांचे. चंदनचे फार तर दोन वाट्या. अर्जदाराने लाकडी स्टूल गजेंद्रच्या गुडघ्यावर दोनदा मारले. दुसऱ्यांदा मारले तेव्हा तो खाली बसलेला होता. ही गोष्ट अर्जदार नाकारत नाही.

८. जमुनाची आई पार्बताबाई या सर्व काळात बाकावर बसून होती. स्टूल तिसऱ्यांदा वर गेले तेव्हा तिने येऊन अर्जदाराचे मनगट धरले. “मारामारी मंग करा, बाई. आंधी पिशव्या द्या.” ट्रेमधील दोन्ही पिशव्या शाबूत होत्या. अर्जदाराने चिठ्ठी हाताने लिहिली, पोच क्रमांकाची जागा कोरी ठेवली आणि पिशव्या तिच्या हाती दिल्या. यास दीड मिनिट लागले. जमुना वाचली. हे दीड मिनिट अर्जदाराला दोन वाजून दहा मिनिटांनीही काढता आले असते. भिंतीवर परिपत्रक होते एवढेच.

९. आता चौकशीबद्दल. गजेंद्र कोठडीत आहे. त्याचा जबाब असा : “बंद हाय म्हणे. मंग टायपिंग कशावर करून राह्यला होता?” चौकशी समितीला हा मुद्दा बिनतोड वाटला. तिने आपल्याला विचारले. आपण नोंद नाही असे कळवले. ज्या संगणकाचा अहवाल नाही तो संगणक सुरू होता, असा निष्कर्ष निघाला.

१०. परंतु अहवाल आहे. तो पडद्यावर आहे. वायर उपटल्यामुळे फॉर्मची वेळही जागीच थांबली, आणि पोलिसांनी पंचनामा करून संगणक अर्जदाराच्या ताब्यात ठेवला, तेव्हापासून तो बंद केलेला नाही. चंदनने एकशे बारा अक्षरे टाइप केली होती. शेवटचे वाक्य ‘बाईचे रक्त थांबत नाही’ या अर्थाचे, अर्धवट आहे. त्यापुढे एकच अक्षर एकशे अठ्ठ्याऐंशी वेळा उमटले आहे. चंदनचे तोंड त्या कळीवर होते. तीनशे अक्षरे अशी पूर्ण झाली, आणि ‘सादर करा’ ही कळ तेव्हा हिरवी झाली. आपल्या नियमांनुसार हा अहवाल परिपूर्ण आहे.

११. तो अकोल्यातून का पाठवला नाही, असे आपण विचाराल. आपल्या मदत क्रमांकावरील मुलीने सांगितले, “मॅडम, चोवीस तास होऊन गेले. आता दाबलं तर सिस्टीम घेणार नाही, वरून पुसून टाकेल.” ती खरे बोलली असे अर्जदार धरून चालते.

१२. तरी विनंती, की अहवाल एका कळीने जावा. तो मराठीत लिहिता यावा, नव्हे, लिहावाच लागू नये. काय कोलमडले ते यंत्राला माणसापेक्षा अधिक ठाऊक असते. नेटवर्क नसल्यास तो साठून राहावा आणि पोच क्रमांक त्याच क्षणी मिळावा. चोवीस तासांची अट काढावी. ज्याच्यासमोर माणूस उभा आहे त्याला लिहायला लावू नये.

१३. अर्जदाराने आपला जुना आदेश रद्द केला आहे. तत्पूर्वी या अहवालावर मात्र सही करून जावक क्रमांक टाकला आहे.

१४. संगणक यूपीएसच्या बॅटरीवर उचलून, रक्तकेंद्राच्या गाडीत शीतपेटीच्या विजेवर चालू ठेवून पाठवला आहे. गाडी आपल्या फाटकाशी उभी आहे. चालक इंजिन बंद करणार नाही. ते बंद झाले तर पडदाही जाईल. आपल्यापैकी कोणी खाली येऊन तो वाचावा आणि नोंद घ्यावी. एकशे अठ्ठ्याऐंशी अक्षरे चूक समजून गाळू नयेत. हा अर्ज चंदन स्वतः घेऊन आला आहे. त्याला उजव्या कानाने ऐकू येत नाही, म्हणून डावीकडून बोलावे, आणि पोच त्याच्या डाव्या हातात द्यावी.

पोचेची वाट पाहणारी,
आपली नम्र,
पौर्णिमा खु. इंगोले
अकोला, दि. २४ मार्च २०२५

सहपत्रे :
परिपत्रकाची प्रत (डाग पुसलेले नाहीत).
हाताने लिहिलेल्या चिठ्ठीची प्रत, पोच क्रमांक कोरा.
चंदन वाकोडे याच्या मनगटाचे व कवटीचे एक्स-रे.
संगणक, एक, चालू.