क्रेनवाल्याच्या मुठी

३ फेब्रुवारी
ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

बातमी वाईट आहे, पण लगेच धास्ती घेऊ नकोस. बंदरावरच्या तपासणीत माझा रक्तदाब इतका चढलेला निघाला, की मला क्रेनवरून खाली उतरवलंय. तो आटोक्यात येईपर्यंत केबिनमध्ये पाऊल ठेवायचं नाही. सध्या गोदामात दोरखंडांना चिठ्ठ्या लावत बसतो, आणि जीव नुसता वरच अडकलेला असतो. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि ताण कमी करा म्हणाले. हुकाला टनावारी ओझं लटकतंय, खाली माणसं वावरताहेत, मग ताण कमी करायचा कसा? त्यांच्याच सल्ल्याने गोळ्यांच्या जोडीला अ‍ॅक्युपंक्चर सुरू करतोय.

तुझा, जमिनीवर आलेला,
धाकटा

१० फेब्रुवारी
चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं. पण सुया? अरे, सुया टोचून रक्तदाब उतरत असता, तर शिंप्यांना तो कधी झालाच नसता! इंजेक्शन म्हटलं की तू पलंगाखाली शिरायचास, आणि पाय धरून ओढायचं काम माझ्याकडे असायचं. जायचंच तर बायकोला बरोबर ने. आणि गोळ्या सोडल्यास तर याद राख.

लोभ आहेच, शहाण्यासारखा वागलास तर वाढवीन.
तुझी ताई

२ मार्च
ती. ताईस,
सा. न.

सुया केसाएवढ्या बारीक असतात गं, टोचल्याचं फारसं कळतही नाही. पहिल्या दिवशी सुया लावणाऱ्या बाई आधी माझ्या हातांकडेच बघत राहिल्या. मग विचारलं, आडवे झालात तरी काय धरून ठेवलंय? बघतो तर दोन्ही मुठी घट्ट, जणू क्रेनचे दांडे हातातच! म्हणजे इतकी वर्षं मी घरीसुद्धा ओझं पेलूनच झोपत होतो. मनगटांपाशी आणि पायांवर सुया लावून त्यांनी दिवा मंद केला. थोड्या वेळाने बोटं आपोआप सुटली आणि मला तिथेच डुलकी लागली.

आता तू रागावणार. बरं वाटू लागलं तशा मी गोळ्या गुपचूप बंद केल्या. बाई दर वेळी आधी दाब मोजतात. त्या दिवशी आकडा बघून त्यांनी सुयांची पेटी मिटलीच. म्हणाल्या, सुया गोळ्यांच्या जोडीला आहेत, गोळ्यांऐवजी नाहीत; काहींना सुयांनी फरक पडतो, काहींना नाही, छातीठोक मी कुणालाच सांगत नाही. आणि मला तसंच डॉक्टरांकडे पिटाळलं. स्वतःच्या विद्येची हद्द इतक्या सरळपणे सांगणारं माणूस मी पाहिलं नव्हतं. त्या क्षणी माझा त्यांच्यावर खरा विश्वास बसला. गोळ्या पुन्हा सुरू आहेत.

माया पातळ करू नकोस.
तुझा धाकटा

९ मार्च
चि. धाकट्यास,

त्या बाईंना माझा मनापासून नमस्कार सांग. तुझ्याशी मी बोलत नाही. बंदरावरच्या पुढच्या तपासणीचा निकाल मात्र लगोलग कळव.

ताई

२० एप्रिल
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पास झालो! दाब आटोक्यात निघाला. श्रेय गोळ्यांचं किती आणि सुयांचं किती, असं बाईंना विचारलं, तर हसल्या. म्हणाल्या, ते मलाही वेगळं काढून सांगता येणार नाही. तुम्ही दोन्ही चालू ठेवा. आज सकाळी शिडी चढून केबिनमध्ये बसलो. खालच्या इशारेवाल्याने हात वर केला, मी पहिलं ओझं उचललं आणि अलगद जागेवर टेकवलं. आणि मग, ताई, मी ढसाढसा रडलो. इतक्या उंचावर खालून कुणाला दिसत नाही, तेवढी एक सोय आहे या नोकरीत.

लोभ असाच राहू दे.
तुझा धाकटा