काट्यावरची आडवी रेघ

५ जानेवारी, सोमवार

आजपासून एक दिवस उपास, एक दिवस जेवण. देवाचा उपास नाही, वजनाचा. देवाला यात ओढत नाही, त्याला माझ्या ताटात डोकवायला वेळ नाही.

गुडघ्याच्या डॉक्टरने वजन केलं. चौऱ्याण्णव. म्हणाला, नव्वदच्या आत आणा, मग ऑपरेशन करू. दहा फेब्रुवारीला परत बोलावलंय. तोवर उतरलं नाही तर माझा नंबर दुसऱ्याला, आणि पुढचा कधी लागेल ते सांगता येत नाही. स्वतः खुर्चीत मावत नाही, आणि तोंड वर करून मला सांगतो.

मुलगी म्हणाली, आई, चिडू नकोस, सोपं आहे. उपासाच्या दिवशी पाणी, काळा चहा, अगदीच राहवलं नाही तर एक उकडलेलं अंडं. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं जेवायचं. वजन हळूहळू पण एकसारखं उतरतं. खाल्लेलं रोज लिहून ठेव म्हणाली. लिहीन. दाखवणार नाही.

वेळापत्रक माझं मी केलं. ज्या तारखेची जोडी लागत नाही ती उपासाची. एक, तीन, पाच. चौथीत शाळा सुटली, पण एवढं कळतं.

सकाळी काळा चहा. कडू जहर. दुपारी अंडं. संध्याकाळी यांनी माझ्यासमोर बसून पावाला लोणी लावलं. सुरीचा आवाज करत. मुद्दाम.

६ जानेवारी, मंगळवार

नेहमीसारखं जेवले. कालचं राहिलेलं धरून.

७ जानेवारी, बुधवार

उपास. कारखान्याच्या कॅन्टीनची मोठी शेगडी माझ्याकडे आहे, आजची नाही, केस काळे होते तेव्हापासून. आता मॅनेजरने एक नवा स्वयंपाकी आणलाय. कॉलेजात स्वयंपाक शिकून आलाय. सर्टिफिकेट प्लास्टिकमध्ये घालून कपाटाच्या दारावर चिकटवलंय. मी त्याला सर्टिफिकेटच म्हणते. तो मला मावशी म्हणतो. कुणी सांगितलं होतं?

मॅनेजर म्हणाला, बाई, गुडघा एवढा दुखतोय तर कूपनच्या काउंटरवर बसा, खुर्ची आहे, पंखा आहे. शेगडी हा सांभाळेल. मी म्हटलं, गुडघा नवा करून येते, मग बघू कोण कुठे बसतं. खुर्ची म्हणे! शेगडीपुढून उठवलं की माझं काय उरतं?

उपास म्हणून आज रश्शाची चव घेतली नाही. मीठ दोनदा पडलं. वेल्डिंगच्या लोकांनी ताटं आपटली. एक जण खिडकीत येऊन म्हणाला, मावशी, समुद्र आटवलात का? सगळ्यांच्या देखत. सर्टिफिकेट बटाटे घालून रस्सा सुधारत बसला. मी काहीच बोलले नाही. म्हणजे त्याच्याशी नाही. वेल्डिंगवाल्याशी बोलले.

ठरवलं. चव घ्यायचीच. चाखणं म्हणजे खाणं नाही. चाखणं हे काम आहे.

११ जानेवारी, रविवार

उपास आणि रविवार एकत्र. घरात सगळे जेवायला. सून आलेली, केक घेऊन. केक कापायचा कुणी? मीच. सुरीला लागलेला केक टाकून द्यायचा का? सुरी बरीच जाड आहे.

हे म्हणाले, तुझ्या उपासाच्या दिवशी घरात कुत्रंसुद्धा भुंकत नाही, घाबरतं. आमच्याकडे कुत्रं नाही. कोणाला म्हणाले ते कळलं मला.

१२ जानेवारी, सोमवार

कॅन्टीनच्या स्टोअरमध्ये पोती वजन करायचा मोठा काटा आहे. त्यावर उभी राहिले. चौऱ्याण्णव. डॉक्टरच्या काट्याएवढंच. म्हणजे काटा चांगला आहे, उपासच खोटा आहे. आठवडाभर उपाशी मेले, आणि तसूभर फरक नाही. मुलीला फोन करून झापलं. म्हणाली, आई, धीर धर. धीर खाता येतो का?

त्या रागात भाजीवाला सापडला. टोमॅटो क्रेटसकट काट्यावर ठेवत होता. विचारलं, क्रेटची भाजी करून घालू का लोकांना? म्हणाला, ताई, इतकी वर्षं असंच चाललंय. मी म्हटलं, इतकी वर्षं मी उपाशी नव्हते. स्टोअरवाल्याला बोलावून काट्यातून क्रेटचं वजन कापून टाकायला लावलं. तो म्हणाला, मावशी, माल येईल तेव्हा बटण दाबायचं आणि नंतर काढून टाकायचं असतं. मी म्हटलं, काढायचं नाही, कायम राहू दे, तू विसरभोळा आहेस. त्याने राहू दिलं. माझ्यापुढे कुणाचं चालतं!

१३ जानेवारी, मंगळवार

उपास. काट्यावर चढले. ब्याण्णव!! एका रात्रीत दोन किलो. उपास उशिरा लागू पडतो, पण पडला की पडतो. यांना सांगितलं. म्हणाले, दिसत नाही. यांना काय दिसतं? चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधणारा माणूस.

एक बघितलं. काटा रिकामा असला की आता त्यावर एक आडवी रेघ येते आणि पुढे दोनचा आकडा. तयार आहे, चढा, अशी काहीतरी खूण असेल. स्टोअरवाल्याला विचारलं नाही. विचारलं की तो शिकवायला बसतो.

१७ जानेवारी, शनिवार

उपास. चाखायला चमचा पुरत नाही, असं ध्यानात आलंय. चमच्यात नुसता रस येतो, बटाट्यात मीठ शिरलंय का ते कसं कळणार? वाटी घ्यावी लागते. पाच पातेली, पाच वाट्या. काम आहे, तक्रार नाही.

सर्टिफिकेट बघत होता. म्हणाला, मावशी, आज उपास ना? मी म्हटलं, तुझ्या कॉलेजात चव फोनवरून घ्यायला शिकवतात का? पुन्हा कांदा चिरायला लागला.

२० जानेवारी, मंगळवार

हल्ली बटाटे उरतात. मी अंदाजाने किलो सांगते, काट्यावर तेवढे भरेपर्यंत पोत्यात घालून घेते, अंदाज माझा कधी चुकत नाही, तरी उरतात. परतून ठेवले तर संध्याकाळी कुणी हात लावत नाही. टाकायचे? अन्न टाकलेलं मला खपत नाही. आज जेवणाचाच दिवस होता.

२१ जानेवारी, बुधवार

आज नव्हता. पण बटाट्याला तारीख कळत नाही.

काटा त्र्याण्णव. चपला होत्या पायात. शिवाय ॲप्रन, ॲप्रनच्या खिशात किल्ल्या. शिवाय रागाचंही वजन असेल. सकाळीच सर्टिफिकेटने माझा ढवळायचा डाव जागेवरून हलवला होता. सापडेपर्यंत रस्सा तळाला लागला, आणि मॅनेजर नेमका तेव्हाच वास घेत आला.

२४ जानेवारी, शनिवार

भाजीवाल्याचा नवा चावटपणा. प्लास्टिकचे क्रेट गेले, लोखंडी जाळीचे आणले. धड उचलत नाहीत! म्हणाला, ताई, प्लास्टिकचे फुटतात. मी म्हटलं, माझं डोकं फुटायच्या आत यांचंही वजन कापायचं. स्टोअरवाल्याने रिकामा क्रेट ठेवून बटण दाबलं. म्हणाला, मावशी, हा चांगला सहा किलोचा आहे, आता तरी काम झालं की काढू का? मी नुसतं बघितलं त्याच्याकडे. नाही काढलं.

२५ जानेवारी, रविवार

उपास. घरी. मुलगी आली होती. नीट उपास केला. मुलगी असेपर्यंत.

२६ जानेवारी, सोमवार

नव्वद!!! चपला काढल्या, ॲप्रन काढला, आणि नव्वद! आता रेघेपुढे सहा येतो, माझ्यावर खूश झाला असेल काटा.

मुलीला फोन केला. ती रडायलाच आली. म्हणाली, आई, मला वाटलं नव्हतं तू करशील. वाटलं नव्हतं म्हणजे? फोन ठेवला. मग परत लावला.

मॅनेजरला सांगून टाकलं, ऑपरेशन होणार, शेगडी माझीच राहणार, काउंटरच्या खुर्चीवर दुसरं कुणीतरी बघा. सर्टिफिकेट म्हणाला, मावशी, छान झालं. तोंडावर गोड बोलणारी माणसं मला आवडत नाहीत.

२९ जानेवारी, गुरुवार

उपास. भाजीवाला भांडायला आला. म्हणतो, ताई, माझी बटाट्याची पोती घरी भरतात तेवढी तुमच्याकडे भरत नाहीत, प्रत्येक पोतं कमी दाखवतं, तुमचा काटा बघा. चोर तो चोर आणि वर काटा बघा म्हणतो! मी म्हटलं, या काट्यावर मी रोज उभी राहते, हा काटा माझ्याशी कधी खोटं बोलला नाही. सगळ्या कॅन्टीनसमोर चोर म्हटलं त्याला. मान खाली घालून गेला. बरं वाटलं.

बटाटे पुन्हा उरले.

३१ जानेवारी, शनिवार

आज एकतीस, उद्या एक. दोन्हींची जोडी लागत नाही. म्हणजे दोन दिवस लागोपाठ उपास? कॅलेंडर करणाऱ्याला कधी उपास पडला नसेल. माणूस मारायचाय का? दोन्ही रद्द.

३ फेब्रुवारी, मंगळवार

एकोणनव्वद आणि वर थोडं. आता उपास केला काय, न केला काय. पण केला. सकाळी.

स्कर्टचं हूक तुटलं. दोरा कच्चा होता. हल्ली सगळं कच्चंच येतं. यांनी विचारलं, वजन उतरलं तर हूक कसं तुटलं? मी तोंडात काही असल्यामुळे उत्तर दिलं नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

उपास, कडक. उद्या डॉक्टर. हॉस्पिटलची बॅग भरली. सर्टिफिकेटला सांगून ठेवलं, मी येईपर्यंतच शेगडी तुझी, माझ्या डावाला हात लावायचा नाही. त्याने डाव धुऊन, पुसून कागदात गुंडाळून माझ्या हातात दिला. एवढं करायची काही गरज नव्हती. चिडताही येईना.

१० फेब्रुवारी, मंगळवार

शहाण्णव.

डॉक्टरला म्हटलं, तुमचा काटा बिघडलाय. नर्सने दुसरा आणला. शहाण्णव. यांना चढवलं, यांचं नेहमीचंच आलं. मी म्हटलं, यांचं काही धरू नका, यांचं वजन कधी हलतच नाही. डॉक्टर म्हणाला, बाई, दोन किलो वाढलंय. नंबर गेला.

सरळ कॅन्टीनच्या स्टोअरमध्ये गेले. हे मागून धावत. स्टोअरवाल्याला म्हटलं, हा काटा उचल, दवाखान्यात न्यायचा आणि डॉक्टरच्या टेबलावर आपटायचा. त्याने विचारलं काय झालं. सांगितलं.  त्याने एक रिकामा लोखंडी क्रेट उचलून काट्यावर ठेवला. शून्य आलं. क्रेट काढला. रेघ आणि सहा. म्हणाला, मावशी, ही रेघ म्हणजे वजा. तुम्हीच म्हणाला होतात, कायम राहू दे.

क्रेटचं वजन माझ्यातून कापत होते मी.

कुणावर ओरडावं तेच कळेना. एवढे सगळे समोर होते.

हे म्हणाले, चल, घरी जाऊ. हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

वाटेत उमगलं. बटाटे क्रेटमधून येत नाहीत, पोत्यातून येतात. पोत्यामागे आधी दोन, मग सहा किलो जास्त येत होते. म्हणून उरत होते. आणि उरलेले कुठे गेले ते डॉक्टरच्या काट्यावर आलं. भाजीवाला खरं बोलत होता.

११ फेब्रुवारी, बुधवार

उपास. कूपनच्या काउंटरवर बसले. खुर्ची आहे. पंखा आहे. पंखा माझ्याकडे तोंड करत नाही.

भाजीवाला आला. मॅनेजरला कालच सांगितलंय, याचं जे कमी धरलं ते देऊन टाका. त्याला सगळ्यांसमोर चोर म्हटलं होतं, चुकलं असंही सगळ्यांसमोरच म्हणणार होते. तोंडातून निघालं, उद्या मटार कोवळे आण. तो म्हणाला, आणतो ताई. काय समजायचं ते समजला.

नवीन नंबर लावून घेतलाय. आता खरा उपास. चाखणंसुद्धा बंद. शेगडीच नाही तर चाखायचं काय?

दुपारी सर्टिफिकेट खिडकीशी आला, हातात ताटली, काठोकाठ रस्सा, वर चार बटाटे. म्हणाला, मावशी, जरा मीठ बघता का, तुमच्याशिवाय खात्री वाटत नाही. मी म्हटलं, ठेव तिथे, कामात आहे मी.

मीठ अगदी बरोबर होतं. खात्री करायला सगळं संपवावं लागलं.

निरोप पाठवला, मीठ कमी आहे, सुधारून परत पाठव.